चेंगदूची सहल: पांडा, पाणी आणि तिखट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चेंगदू म्हटलं की पांडा, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. तिकीट काढायची वेळ आली की पुढचे प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. व्हिसा आणि पैशांचं आधी हवं असेल तर सरळ खाली जा.

पांडा चेंगदूतच का? शहराच्या आसपास हिंडताना दिसतात का?

नाही. चेंगदू ही सिचुआन प्रांताची राजधानी. सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर वसलेलं आणि माणसांनी खच्चून भरलेलं शहर. पण खोऱ्याच्या पश्चिमेला डोंगर एकदम उभे राहतात ते थेट तिबेटच्या पठाराला जाऊन भिडतात. त्या ओल्या, धुकट उतारांवर बांबूची दाट वनं आहेत आणि रानातले पांडा तिथे राहतात. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चौथ्या राष्ट्रीय गणनेत जंगलातले पांडा १,८६४ भरले. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश एकट्या सिचुआनमध्ये होते.

शहराचं नाव पांडाशी जोडलं गेलं ते बांबूमुळे. १९८० च्या दशकात या डोंगरांतल्या बांबूला मोठा फुलोरा आला. बांबू एकदा फुलला की वाळून जातो, हे आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या लोकांना सांगायला नको. पांडांची उपासमार सुरू झाली आणि काही जनावरं वाचवून खाली आणावी लागली. अशा ६ पांडांपासून १९८७ मध्ये चेंगदूच्या उत्तरेला पांडा प्रजनन संशोधन केंद्र सुरू झालं. आज तिथे दोनशेहून जास्त पांडा आहेत.

पांडा बघायला नेमकं कुठे जायचं? इंटरनेटवर चार-पाच नावं दिसतात.

गोंधळ होतो खरा, कारण केंद्रं खरोखरच अनेक आहेत आणि ती वेगवेगळ्या संस्था चालवतात. शहराच्या मध्यापासून साधारण १० किलोमीटरवरचं चेंगदू केंद्र सगळ्यांत सोयीचं आणि सगळ्यांत गर्दीचं. मेट्रोच्या ३ नंबरच्या मार्गावर ‘पांडा अव्हेन्यू’ स्थानकाला उतरायचं आणि पुढे बस किंवा टॅक्सी करायची. केंद्राला दक्षिण आणि पश्चिम अशी दोन प्रवेशद्वारं आहेत. परिसर वाढवल्यापासून आत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाणं हा एक कार्यक्रमच होऊन बसतो, तेव्हा आतल्या छोट्या गाड्यांचे पैसे वाचवू नका.

दुच्यांगयान गावाजवळ ‘पांडा दरी’ आहे. पांडा कमी, पण माणसंही कमी. डोंगरात आणखी आत वोलोंगचं केंद्र आहे. २००८ च्या भूकंपात जुनं केंद्र उद्ध्वस्त झाल्यावर ते नव्या जागी बांधलं. याआनजवळ बिफंगश्याचं आहे. पहिल्यांदा जात असाल तर चेंगदू केंद्र बघा. दुच्यांगयानला जाणारच असाल (आणि जायलाच हवं, पुढे सांगतो) तर पांडा दरी त्याच दिवशी उरकता येते. वोलोंगला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. तो द्यायचा तर पांडांइतकीच डोंगरांची हौस हवी.

किती वाजता पोचावं?

दार उघडायच्या आधी. सकाळी साडेसातच्या सुमाराला केंद्र उघडतं आणि तेव्हाच पांडांना ताजा बांबू मिळतो. पहिले दोन-अडीच तास ते खातात, लोळतात, झाडावर चढतात, एकमेकांना ढकलून पाडतात. त्यानंतर पोट भरलं की झोप. अकराला पोचलेल्या माणसाला झाडाच्या बेचक्यात लोंबकळणारं काळं-पांढरं गाठोडं दिसतं आणि तो परत येऊन सांगतो, “काही खास नाही हो.”

उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते. पारा २६ अंशांच्या वर गेला की पांडांना आत वातानुकूलित खोल्यांत नेतात. मग काचेपलीकडे पाठमोरा पांडा आणि अलीकडे शंभर मोबाइल. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सकाळची वेळ चुकवून चालणारच नाही.

तिकीट आगाऊ, पासपोर्ट क्रमांक टाकून काढावं लागतं. प्रवेशशुल्क बरीच वर्षं ५५ युआन आहे, तरी निघण्याआधी एकदा बघून घ्या. सुट्ट्यांच्या दिवसांत तिकिटं आधीच संपतात.

ह्वाह्वा दिसेल का?

ह्वाह्वा ही २०२० मध्ये जन्मलेली मादी. पाय आखूड, चाल संथ, अंगाचा गोळा झालेला. चीनमध्ये तिची लोकप्रियता एखाद्या नटीला हेवा वाटावा अशी आहे. तिच्या अंगणापुढे वेगळी रांग लागते. रांगेत तास-दोन तास सहज जातात आणि समोर पोचल्यावर काही मिनिटांत पुढे सरकायला सांगतात. तेवढ्या वेळात ती जागी असेलच असं नाही. माझं मत विचाराल तर ही रांग सोडा. त्याच वेळात बाकीचं अर्धं केंद्र निवांत बघून होतं आणि रांगेबाहेरचे पांडाही तितकेच खोडकर असतात.

पिल्लं कधी बघायला मिळतात?

बहुतेक जन्म जुलै ते सप्टेंबरदरम्यान होतात. जन्मतः पिल्लू जेमतेम १०० ग्रॅमचं, गुलाबी, डोळे मिटलेलं. आईचं वजन त्याच्या नऊशेपट असतं. अंगावर काळे-पांढरे पट्टे उमटून ते गोंडस दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून पिल्लांसाठी शरद ऋतू, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर, चांगला.

पांडांची संख्या वाढवणं इतकं अवघड का होतं तेही सांगण्यासारखं आहे. मादीला वर्षातून फक्त दोन-तीन दिवस गर्भधारणा होऊ शकते. जुळी झाली तर रानातली आई बहुधा एकालाच सांभाळते आणि दुसरं मरतं. केंद्रातल्या लोकांनी यावर एक युक्ती काढली. एक पिल्लू आईकडे, दुसरं काचेच्या उबवणी पेटीत, आणि ठरावीक वेळाने गुपचूप अदलाबदल. अशा रीतीने आईचं दूध दोघांनाही मिळतं आणि दोन्ही जगतात. त्याबरोबर जंगलांचं संरक्षणही वाढलं. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने पांडाला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून एक पायरी खालच्या ‘असुरक्षित’ गटात टाकलं.

पांडाला जवळ घेऊन फोटो काढता येतो का?

नाही. पूर्वी पैसे भरून तशी सोय असायची, ती बंद झाली. कोणी एजंट अजूनही तसं आश्वासन देत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. वरून खाऊ किंवा वस्तू टाकणाऱ्यांना केंद्राने आजन्म प्रवेशबंदी केल्याची उदाहरणं आहेत. सोबत मुलं असतील तर हे आधीच समजावून ठेवा.

तिथे लाल पांडाही असतो म्हणे?

असतो, आणि तो तुमच्या पायाजवळून जाऊ शकतो. लाल पांडांच्या भागात ते मोकळे फिरतात, पायवाटही ओलांडतात. हात लावायचा नाही. नाव पांडा असलं तरी मोठ्या पांडाशी याचं जवळचं नातं नाही. मोठा पांडा अस्वलांच्या कुळातला, हा वेगळ्याच कुळातला. मोठा पांडा भारतात कुठेच नाही. लाल पांडा मात्र सिक्कीम, अरुणाचल आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत आहे आणि दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानात त्याचं प्रजननही होतं.

जंगलातला पांडा बघता येईल का?

नाही म्हटलं तरी चालेल. २०२१ मध्ये पांडांचं राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणे स्थापन झालं, पण ताडोबात जिप्सीतून वाघ शोधतात तसलं काही तिथे नाही. पांडा एकटा राहतो, दाट बांबूत राहतो आणि माणसाचा वास आला की सटकतो. डोंगरांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या वनरक्षकांनाही बहुतेक वेळा विष्ठा आणि कुरतडलेला बांबूच सापडतो.

एकूण किती दिवस ठेवावेत?

चार पूर्ण दिवस हे किमान. पांडांना एक सकाळ, शहराला दीड-दोन दिवस, दुच्यांगयानला एक, आणि उरलेला एक ल शानच्या बुद्धाला किंवा सानशिंगद्वेच्या संग्रहालयाला. टूर कंपन्या हे सगळं दोन दिवसांत कोंबतात. तशा सहलीत चेंगदू दिसतं ते बसच्या खिडकीतून. या शहराची खरी मजा बसून राहण्यात आहे, आणि ती कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नसते.

दुच्यांगयानचं एवढं काय? धरणच ना?

धरण नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य! बाहेरगावी जायला एकच दिवस असेल तर मी ल शान सोडून इथे जाईन.

मिन नदी डोंगरांतून खाली खोऱ्यात उतरते ती इथे. पूर्वी पावसाळ्यात पूर आणि एरवी कोरड, अशी खोऱ्याची गत होती. इ.स.पू. २५६ च्या सुमारास छिन राज्याचा इथला सुभेदार ली बिंग याने नदी न अडवता वाटून देण्याचं ठरवलं. नदीपात्राच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घातला. त्याचं नावच ‘मत्स्यमुख’. त्याने प्रवाहाचे दोन भाग होतात. आतला प्रवाह अरुंद आणि खोल, बाहेरचा रुंद आणि उथळ. पाणी कमी असतं तेव्हा ते खोल बाजूला धावतं आणि साधारण ६० टक्के शेतीकडे जातं. पूर आला की रुंद बाजू जास्त पाणी घेते आणि प्रमाण उलटं होतं. ना दार, ना चाक, ना माणूस. नदीच स्वतःचा हिशेब करते.

त्याच्या खाली एक बुटका सांडवा आहे. वळणावरच्या भोवऱ्यामुळे गाळ आणि गोटे त्यावरून बाहेरच्या पात्रात फेकले जातात. आणि सगळ्यात शेवटी ‘बाटलीचं तोंड’, म्हणजे डोंगर फोडून काढलेली जेमतेम २० मीटर रुंदीची खाच, ज्यातून पाणी खोऱ्यात शिरतं. सुरुंगाची दारू तेव्हा नव्हती. खडक आगीने तापवायचा, वर गार पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. वर्षानुवर्षं हेच.

दर वर्षी गाळ उपसावा लागतो. ‘पात्र खोल खणा, सांडवा बुटका ठेवा’ ही सूचना तिथे दगडावर कोरलेली आहे. किती खोल खणायचं ते कळावं म्हणून तळाशी लोखंडी दांडे पुरलेले असतात. दांडा लागला की थांबायचं. सव्वादोन हजार वर्षांनंतर ही व्यवस्था आजही साडेसहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन भिजवते. पांझरा-मोसमच्या खोऱ्यातली आपली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे उभं राहिल्यावर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त हे काम पाचशे पटींनी मोठं वाटतं.

जाणं सोपं आहे. चेंगदूहून लोकलसारखी वेगवान गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. ‘लीद्वेइ पार्क’ स्थानकाला उतरलात तर प्रवेशद्वार चालत गाठता येतं. आनलान झुलत्या पुलावरून पलीकडे जा आणि मग डोंगरावरच्या अरवांग मंदिरातून मत्स्यमुख वरून बघा. वरून बघितल्याशिवाय रचना कळत नाही. २००८ च्या भूकंपात या मंदिराची मोठी पडझड झाली होती, आता ते पुन्हा उभं केलं आहे.

पाय दुखत नसतील तर शेजारचा छिंगछंग डोंगरही आहे, ताओ पंथाच्या जन्मस्थानांपैकी एक. एका दिवसात दोन्ही करणारे भेटतात. ते संध्याकाळी बोलत नाहीत.

ल शानचा बुद्ध आणि एमेइ पर्वत एका दिवसात होतात का?

होत नाहीत. बुद्ध एका दिवसात होतो. एमेइला मुक्काम करावा.

बुद्ध ७१ मीटर उंच, डोंगराच्या कड्यात कोरलेला, बसलेला मैत्रेय. इथे तीन नद्या मिळतात आणि त्या भोवऱ्यात नावा बुडायच्या. म्हणून हायथोंग नावाच्या भिक्षूने ७१३ मध्ये काम सुरू केलं आणि ते संपलं ८०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. केसांच्या वळ्यांत आणि कानांमागे पाणी निचरून जायला चर लपवलेले आहेत. म्हणून तर इतक्या पावसात तो टिकला. बघायचे दोन मार्ग. कड्यालगतच्या अरुंद पायऱ्यांनी पायांपर्यंत उतरा, नाहीतर बोटीतून समोरून बघा. पायऱ्यांची रांग सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तासांची असते. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी बोटच घ्यावी. पूर्ण मूर्ती एका नजरेत मावते ती बोटीतूनच. चेंगदूहून वेगवान रेल्वेने तासाभरात ल शान येतं.

एमेइचं सुवर्णशिखर तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर. बस आणि रोपवे जवळपास वरपर्यंत नेतात. वाटेतल्या माकडांपासून पिशव्या सांभाळा. सप्तशृंगीवर हात पोळलेल्यांना हे सांगायला नको.

सानशिंगद्वे आणि चिनशा या दोन संग्रहालयांपैकी कोणतं निवडावं?

इतिहासाची आवड असेल तर सानशिंगद्वे, आणि तेही पूर्ण दिवस राखून. चेंगदूच्या उत्तरेला साधारण ४० किलोमीटरवर, ग्वांगहानजवळ. १९८६ मध्ये विटांसाठी माती खणताना दोन खड्डे सापडले. आत तीन हजार वर्षांहून जुने कांस्याचे मुखवटे, कान पसरलेले, डोळ्यांची बुबुळं दांड्यांसारखी पुढे आलेली. सोबत सुमारे चार मीटर उंचीचं कांस्याचं झाड, सोनं, आणि ढीगभर हस्तिदंत. सगळं तोडून, जाळून पुरलेलं. का, ते कोणालाच नीट सांगता आलेलं नाही, कारण वाचता येईल असा मजकूरच सापडला नाही. २०१९ नंतर आणखी सहा खड्डे मिळाले आणि २०२३ मध्ये नवी इमारत उघडली. चिनी संस्कृती म्हणून जे काही आपण चित्रांत पाहिलेलं असतं, त्यातलं काहीच इथे दिसत नाही. त्यासाठीच जायचं.

चिनशा शहरातच आहे, मेट्रोने जाता येतं. २००१ मध्ये बांधकामाच्या खोदाईत सापडलेलं. तिथला सोन्याचा सूर्यपक्षी, म्हणजे १२.५ सेंटिमीटर व्यासाची पातळ चकती आणि तिच्यात कोरलेले चार पक्षी, चीनच्या सांस्कृतिक वारशाचं बोधचिन्ह झाला आहे. वेळ कमी असेल तर हे पुरेसं.

शहरात काय करायचं?

पीपल्स पार्कमध्ये जाऊन बांबूच्या खुर्चीत बसायचं. थट्टा नाही, हेच पहिलं काम. तिथल्या हमिंग चहाघरात झाकण असलेल्या कपात पानं टाकून देतात आणि गरम पाणी हवं तेवढं पुन्हा पुन्हा मिळतं. आपला दूध-आल्याचा चहा डोक्यातून काढून टाका. शेजारच्या टेबलावर निवृत्त मंडळी पत्ते कुटत किंवा माजाँग खेळत असतात. चिमटा वाजवत कान कोरणारे फिरतात. पाहुणे हौसेने कान कोरून घेतात, मी लांबूनच बघतो. बागेच्या एका कोपऱ्यात आईवडील मुलामुलींचे बायोडेटा टांगून स्थळं शोधत असतात: वय, उंची, पगार, घर. चिनी अक्षर येत नसलं तरी तिथे काय चाललंय ते मराठी माणसाला लगेच कळतं.

वूहोउ मंदिर चीनच्या तिसऱ्या शतकातल्या ‘तीन राज्यांच्या’ काळाची माहिती असलेल्यांसाठी. इतरांना त्यातली लाल भिंतींमधली बांबूची वाट आवडते. कवी दू फू ७५९ मध्ये इथे आसऱ्याला आला आणि चारेक वर्षांत दोनशेहून जास्त कविता लिहून गेला. त्याच्या झोपडीच्या जागी आता मोठी बाग आहे. रुंद-अरुंद गल्ल्या आणि चिनली ही जुन्या रूपात सजवलेली बाजारपेठ संध्याकाळी दिव्यांत छान दिसते, पण खरेदी आणि खाणं तिथे करू नका. दोन गल्ल्या पलीकडे तेच निम्म्या भावात मिळतं. छुन्शी रोडजवळच्या इमारतीवर चढणारा पांडाचा प्रचंड पुतळा फुकट आहे, जाता-जाता दिसेलच. रात्री सिचुआन ऑपेरातला मुखवटे बदलण्याचा खेळ जरूर बघा. डोळ्याचं पातं लवतं तोवर चेहरा वेगळा.

वन्शू मठाचा आपल्याशी काही संबंध आहे म्हणतात, तो काय?

मठापेक्षा युआन श्वांगचा आहे, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या ह्युएन त्संगचा. उत्तरेत सुई राजवट कोसळून धामधूम माजली तेव्हा तो आणि त्याचा भाऊ चेंगदूला आले आणि ६२२ मध्ये इथेच त्याने पूर्ण भिक्षुदीक्षा घेतली. पुढे तो भारतात पोचला आणि ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा राज्य पुलकेशी दुसऱ्याचं. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं त्याने वर्णन केलं ते अजिंठ्याचं मानतात. वन्शू मठात त्याच्या कवटीचा अंश जपला असल्याचं सांगतात. तो सर्वांना दाखवत नाहीत, पण मठ मोकळा आहे, शांत आहे, आणि आत चहाघर व शाकाहारी भोजनगृह आहे. तेवढ्यासाठीही जावं.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण डोळे मिटूनही खाता येणार नाही. चिनी स्वयंपाकात मांस हा वेगळा पदार्थ नसतो, ते भाजीवर भुरभुरवतात. कोरड्या परतलेल्या फरसबीत डुकराचा खिमा, मापो टोफूत गोमांसाचा. हॉटपॉटचा (टेबलावरच उकळत ठेवलेल्या भांड्यातला) लाल रस्सा परंपरेने गाईच्या चरबीत करतात आणि सौम्य दिसणारा पांढरा रस्सा हाडांचा असतो. ‘भाजी आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. ‘मांस, मासे, चरबी, हाडांचा रस्सा नको’ हे चिनी लिपीत लिहून घेऊन मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा.

बौद्ध मठांची भोजनगृहं सगळ्यात खात्रीची. तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. मांसासारखे दिसणारे पदार्थ ताटात आले तर दचकू नका. ते सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचे असतात. रस्त्यावर बिंगफन नावाची गुळाच्या पाकातली गार जेली मिळते. ती बिनधास्त खा. शहरात भारतीय रेस्टॉरंटंही आहेत, पण तिथे रोज जेवायचं असेल तर एवढ्या लांब का आलात?

आम्ही तिखट खातो. तरी झेपेल का?

तिखट झेपेल. बधिरपणाची तयारी ठेवा. तिथल्या स्वयंपाकात मिरचीच्या जोडीला ह्वाच्याव, म्हणजे सिचुआनची मिरी असते, आणि त्याने जीभ आणि ओठ झिणझिणतात. कोकणी-गोवेकरांना ही ओळख जुनी आहे, कारण बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ त्याच वनस्पतीच्या जातकुळीतलं. आपण चार तिरफळं ठेचून टाकतो आणि खाताना बाजूला काढतो. तिथे ते मूठभर पडतं, शिवाय पूडही. पहिल्या दिवशी ‘कमी तिखट’ सांगा, हॉटपॉटला एका बाजूला सौम्य रस्सा असलेलं दोन कप्प्यांचं भांडं मागवा.

आपल्या गाड्यांवरचा शेजवान सॉस तिथे शोधू नका. नाव या प्रांताचं असलं तरी चव मुंबईची आहे. तिथली खरी चव येते ती बाकल्याच्या दाण्यांत मिरची घालून महिनोन्‌महिने मुरवलेल्या दोबानच्यांगने. शहराशेजारच्या पीश्येनचं दोबानच्यांग सगळ्यात नावाजलेलं. घरी आणायचं असेल तर हीच वस्तू, पण चेक-इन सामानात.

व्हिसा लागतो का? विमान?

भारतीय पासपोर्टला आधीच व्हिसा घ्यावा लागतो. ट्रान्झिटमध्ये २४० तास व्हिसाशिवाय फिरण्याची जी सवलत ऐकू येते, त्या देशांच्या यादीत भारत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडे तिथला पासपोर्ट असेल तर त्यांना ती लागू होऊ शकते, मात्र येणं एका देशातून आणि जाणं तिसऱ्या देशात, ही अट पाळावी लागते. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं सोयीचं पडतं. चेंगदूला दोन विमानतळ आहेत: जवळचा श्वांगल्यू आणि २०२१ मध्ये सुरू झालेला लांबचा थ्येनफू. दोन्हीकडे मेट्रो जाते. परतीच्या दिवशी तिकिटावर कोणता लिहिला आहे ते नीट वाचा. दोहोंमधलं अंतर बरंच आहे.

पैसे कसे द्यायचे? यूपीआय चालतं का?

यूपीआयवर विसंबून जाऊ नका. निघण्याआधी भारतातच अलीपे आणि वीचॅट ही ॲप उतरवून पासपोर्टने ओळख पूर्ण करा आणि त्यांना तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. आपल्या बँकेला सांगून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या. मग भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळीकडे क्यूआर. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार नसतो, त्यावर ३ टक्के लागतात, म्हणून मोठं बिल शक्यतो तोडून भरा. थोडी रोकड जवळ असू द्या.

व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप?

स्थानिक वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर बहुतेक वेळा चालतात. तरी नकाशासाठी गूगलवर भिस्त ठेवू नका, चीनमध्ये त्याची माहिती शिळी आहे. अलीपेच्या आतच दीदी टॅक्सी आहे, पत्ता इंग्रजीत टाकता येतो. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट करून ठेवा. इंग्रजी बोलणारे फार कमी, पण लोक भाषांतराचं ॲप पुढे करून मदत करतात.

कोणत्या महिन्यात जावं?

मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्ट्यांचा आठवडा, मेचे पहिले दिवस आणि चिनी नववर्ष टाळा. अख्खा चीन तेव्हा तुमच्याबरोबर रांगेत असतो. ऊन फार मिळेल ही अपेक्षा नको. आभाळ इतकं झाकोळलेलं असतं की सिचुआनचे कुत्रे सूर्य दिसला तर भुंकतात, अशी तिथे म्हणच आहे. दुच्यांगयानला मात्र ढगाळ दिवसही चालतो.

च्योजायगोउचे निळे तलाव जोडून घेता येतील का?

किमान तीन दिवस जास्त असतील तरच. २०२४ पासून वेगवान रेल्वेने बराच प्रवास कमी केला, तरी स्थानकापासून पुढे बस लागते. उंची दोन ते तीन हजार मीटरच्या घरात आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावं.

आईवडिलांना घेऊन जायचं आहे. काय सांभाळावं?

टॅक्सी स्वस्त आहे, ती वापरा. पांडा केंद्रात आतली गाडी, ल शानला बोट, एमेइला रोपवे. सार्वजनिक स्वच्छतागृहं बहुधा भारतीय पद्धतीची असतात. कागद स्वतःचा न्या. गरम पाणी रेल्वेत, हॉटेलात, सगळीकडे फुकट मिळतं, तेव्हा थर्मास घ्या. झटपट पोहे-उपम्याची पाकिटं त्यात भिजतात. फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका, सीमाशुल्कवाले काढून घेतात. आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागतो. चीनमधल्या देशांतर्गत विमानात पॉवर बँकवर तिथलं ‘३सी’ चिन्ह असल्याशिवाय ती नेऊ देत नाहीत, त्यामुळे चीनमध्ये पुढे विमानाने फिरणार असाल तर तिथेच विकत घ्या.

राहायचं कुठल्या भागात?

थ्येनफू चौक, छुन्शी रोड किंवा वन्शू मठाच्या आसपास, मेट्रोला लागून. वन्शूजवळ शाकाहारी जेवण चालत मिळतं, शिवाय रात्री आवाज कमी. हॉटेल तुमची पोलिसनोंद आपोआप करतं. मित्राच्या किंवा तिथे शिकणाऱ्या मुलाच्या घरी राहणार असाल तर ती नोंद २४ तासांच्या आत स्वतः जवळच्या पोलिस ठाण्यात करावी लागते. पासपोर्ट आणि घरमालकाचे कागद बरोबर न्या.